उपचार की फुकटची मजुरी? अमेरिकेतल्या ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्रांचा वाद नेमका काय आहे

राहणं फुकट, जेवण फुकट, समुपदेशनही फुकट. बदल्यात साधारण सहा महिने, आठवड्याला 40 तासांच्या आसपास काम करायचं आणि प्रार्थनेला हजर राहायचं. अमेरिकेत दारू किंवा ड्रग्ज सोडू पाहणाऱ्या पुरुषांसाठी ‘साल्व्हेशन आर्मी’ ही ख्रिस्ती संस्था अशी केंद्रं चालवते. आपल्याकडे तिला मुक्तिफौज म्हणतात. 1882 मध्ये तिचे प्रचारक मुंबईत उतरले होते.

काम कसलं? लोकांनी दान केलेले कपडे आणि फर्निचर उतरवायचं, निवडायचं, विक्रीला लावायचं. हा माल संस्थेच्या दुकानांत विकला जातो आणि त्या पैशांवर ही केंद्रं चालतात. माणसाच्या हातात मात्र आठवड्याला जेमतेम काही डॉलर पडतात. संस्थेच्या मते ही नोकरी नाहीच, हा उपचाराचा भाग आहे.

यात तथ्य आहेच. व्यसनात दिवसाची घडी पार विस्कटते. सकाळी ठरल्या वेळी उठून कामाला लागणं हे मोठं औषध असतं. आणि खिशात दमडी नसलेल्या माणसाला दारात घेणाऱ्या जागा फार नाहीत.

मग अडलं कुठे? कायद्यात.

1985 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेचा खटला आला. तिथे काम करणाऱ्यांत बरेचसे पूर्वी व्यसनात अडकलेले होते. मोबदला म्हणून त्यांना अन्न, कपडे, निवारा मिळायचा. गंमत म्हणजे, ‘आम्ही स्वयंसेवक आहोत, पगार नको’ असं त्यांनीच कोर्टात सांगितलं. तरीही कोर्टाने त्यांना कर्मचारी ठरवलं. अशी सूट दिली, तर मालक दबाव आणून कोणाकडूनही हेच वदवून घेतील, असा कोर्टाचा तर्क होता.

अकरा वर्षांनी, 1996 मध्ये, साल्व्हेशन आर्मीच्याच एका प्रकरणात एका फेडरल अपील कोर्टाने उलटा निकाल दिला. तक्रारदार बरा होण्यासाठी आला होता, पगाराची अपेक्षा नव्हती, म्हणून तो कर्मचारी नाही. या दोन निकालांमधली फट अजून बुजलेली नाही. अलीकडे कॅलिफोर्निया, इलिनॉय, जॉर्जिया आणि न्यूयॉर्कमध्ये माजी रहिवाशांनी किमान वेतनासाठी जे दावे लावले, ते याच फटीतून आले आहेत.

खरा पेच मात्र ‘स्वेच्छा’ या शब्दात आहे. कित्येक जण स्वतःहून आलेले नसतात. त्यांना कोर्टाने किंवा पॅरोल अधिकाऱ्याने पाठवलेलं असतं. केंद्र सोडलं की तुरुंग, अशी टांगती तलवार असेल तर त्या होकाराला किती किंमत द्यायची?

2017 मध्ये ‘रिव्हील’च्या पत्रकारांनी ओक्लाहोमातल्या ‘केअर’ या दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेची बातमी दिली, तेव्हा हे ठळकपणे पुढे आलं. ड्रग कोर्टांनी पाठवलेले पुरुष तिथून चिकन प्रक्रिया कारखान्यांत कामाला जात. कारखान्यांचा पैसा संस्थेकडे जमा होई, पुरुषांना मजुरी नसे. दान आलेले शर्ट निवडणं आणि खासगी कंपनीच्या पट्ट्यावर कोंबड्या कापणं यांना एकाच ‘उपचारा’त बसवणं अवघड आहे. दुसऱ्या प्रकारात कंपनीला स्वस्तात माणूस मिळतो, आणि त्याच पट्ट्यावर पगारी काम करणाऱ्याचा भावही पडतो. 1985 च्या निकालात कोर्टाने हा धोकाही बोलून दाखवला होता.

श्रद्धेवर कोणी बोट ठेवलेलं नाही. दावेदार मागतायत तो कामाच्या तासांचा हिशोब.