फाटलेले पाकीट आणि मोडीचा भाव

१/ मुंबईच्या टांकसाळीने १९७३ साली दहा आणि वीस रुपयांची चांदीची नाणी काढली. विषय होता ‘अधिक धान्य पिकवा’. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेसाठी भारताने १९७० पासून जी नाणी काढली, त्याच मालिकेतील ही नाणी. त्या वेळी महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळात होरपळत होता. माणसे खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. #थ्रेड

२/ बारामती तालुक्याला या विरोधाभासाची दोन्ही टोके ठाऊक आहेत. जिरायती भाग पाण्यावाचून करपत असताना नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा होता. माळेगाव बुद्रुक हे या बागायती पट्ट्यातले गाव. गावाचे नाव आज सहकारी साखर कारखान्यामुळे दूरवर पोचले आहे. अशा गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यातील ट्रंकेत आजोबांनी मागवलेला नाण्यांचा संच निघाला, तर त्यात नवल नाही.

३/ संच निघतो तो बहुधा वाटणीच्या वेळी. पाकिटाची कड उसवलेली, खोक्याचे झाकण तुटलेले, प्लॅस्टिक पिवळे पडलेले. मग कोणीतरी म्हणते, “आता याला कोण विचारणार? सराफाकडे मोडीत घाला.”

४/ हा सल्ला चुकीचा आहे, आणि नुकसान केवळ पैशांचे नाही. आधी पैशांचे पाहू. गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे, त्यात ८० टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. १९७३ चे वीस रुपयांचे नाणे ३० ग्रॅमचे, पण चांदी निम्मीच. म्हणजे १५ ग्रॅम. वजन दुप्पट, चांदी मात्र तीनच ग्रॅम अधिक! सराफ कस पाहतो, तेव्हा त्याच्या लेखी वीस रुपयांचे देखणे नाणे हे हलक्या कसाचे कडे ठरते. शिवाय २०११ च्या नाणेविषयक कायद्याने नाणी वितळवण्यास मनाई केली आहे, हेही ‘मोडीत घाला’ म्हणणाऱ्यांच्या गावी नसते.

५/ मग संग्राहक वेष्टनाला एवढे महत्त्व का देतात? हा निव्वळ शौकिनांचा चोखंदळपणा नव्हे. संग्राहकांसाठी काढलेली ‘प्रूफ’ नाणी चकचकीत केलेल्या ठशांनी पाडली जातात. त्यांची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि तिच्यावर बोटाचा ठसा कायमचा उमटू शकतो. बंद पाकीट म्हणजे ‘याला कोणी हात लावलेला नाही’ याची साक्ष. साक्ष फाटली की ग्राहक किंमत कमी करणार. त्यात अन्याय नाही, आणि वारसांनी त्याबद्दल रुसून बसण्यातही अर्थ नाही.

६/ अन्याय पुढच्या पायरीवर होतो. भाव पडेल या भीतीने नाणी नव्या डबीत बसवली जातात आणि जुने पाकीट चुलीत जाते. कधी दुसऱ्याच संचाचे धडके खोके मिळवून त्यात ही नाणी घातली जातात. इतिहासाच्या दृष्टीने ही चक्क बनावट आहे. एका दस्तऐवजाचे शेवटचे पान दुसऱ्याला जोडावे, तसला हा प्रकार.

७/ गांधी जन्मशताब्दीच्या नाण्याचेच उदाहरण घ्यावे. त्यावर १८६९ आणि १९४८ ही वर्षे आहेत. नाणे पाडल्याचे वर्ष कुठेच नाही. ते मुंबईत पाडले गेले आणि कलकत्त्यातही. टांकसाळ ओळखण्यासाठी सूक्ष्म खूण पाहता येते. पण ते घरात केव्हा आले, कोणी मागवले, टपालाने आले की हातोहात, हे नाणे सांगणार नाही. ते सांगेल टपालाचा शिक्का असलेला लिफाफा, टांकसाळीची पावती, आजोबांच्या अक्षरातली पाठीवरची टीप. नेमके हेच कागद आधी फेकले जातात.

८/ पाकीट फाटले कसे, हाही इतिहासच. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर लक्ष्मीपूजन असते. चांदीचे नाणे घरात असताना ते पाकिटात कसे राहील? ते ताम्हनात आले, त्याला पंचामृताने स्नान घडले, हळदकुंकू लागले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते पुन्हा ट्रंकेत गेले. संग्राहकाच्या लेखी ते बिघडले. पण टांकसाळीने वस्तुसंग्रहासाठी काढलेले नाणे एका शेतकरी घराने देवघरात नेले, ही नोंद कोणत्याही किंमतसूचीत नाही.

९/ त्या डागांवर चिंच, राख, रांगोळी वा दंतमंजन चालवू नये. चांदीवरचा काळपटपणा हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा थर असतो. तो घासताना वरची धातूही जाते आणि बारीक ओरखडे उरतात, तेही कायमचे. जाणकार भिंगाखाली ते क्षणात ओळखतो. घासलेले नाणे डागाळलेल्या नाण्यापेक्षा स्वस्त जाते. अपवाद एकच : जुने मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक. ते कुजताना आम्ल सोडते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. अशा वेळी नाणे बाहेर काढावेच. मात्र पाकीट वेगळ्या कागदी लिफाफ्यात त्याच्याजवळ ठेवावे आणि तो थर जाणकाराकडूनच उतरवून घ्यावा.

१०/ त्याच ट्रंकेत शिवराई निघाली, तर गोष्ट निराळी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. शेतात नांगराला लागलेले नाणे तर वारशाचे नव्हेच. त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ च्या कायद्याने.

११/ विकताना दोषासकट विकावे. उसवलेली कड, तुटलेले झाकण, हळदीचा डाग यांचे छायाचित्र काढून ते ग्राहकाला आधी दाखवावे. एकाच दुकानदाराच्या शब्दावर न जाता नाण्यांच्या लिलावांतील पूर्वीचे भाव पाहावेत. आणि जुन्या नाण्याचे लाखो मिळतील, फक्त आधी शुल्क भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी सांगितले तर फोन ठेवावा; बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच अशा फसवणुकीचा इशारा दिलेला आहे.

१२/ राहता राहिली वाटणी. दहाचे नाणे थोरल्याला, वीसचे धाकटीला, असा न्याय वरून समान दिसतो. पण नाणी दोन आणि पाकीट एकच. संच फुटला की ते पाकीट कोणाचेच राहत नाही. वाटायचेच असेल, तर अख्खा संच फाटक्या पाकिटासह विकून आलेले पैसे वाटावेत.