पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीत

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील हैदराबाद एफसी हा संघ ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत दाखल झाला. दिल्लीसाठी ही आनंदाची बातमी असली, तरी या स्थलांतराचा धागा पुण्याच्या बालेवाडीपर्यंत जातो.

२०१४ मध्ये स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आठ संघांत एफसी पुणे सिटी आणि दिल्ली डायनामोज या दोहोंचा समावेश होता. दिल्लीने पहिल्याच वर्षी इटलीचा विश्वविजेता खेळाडू अलेस्सांद्रो देल पिएरो याला करारबद्ध केले. पुढील वर्षी ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस प्रशिक्षक म्हणून आला. २०१५ व २०१६ मध्ये संघाने उपांत्य फेरी गाठली. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये हा संघ भुवनेश्वरला हलवून त्याचे ओडिशा एफसी असे नामांतर करण्यात आले. त्याच सुमारास आर्थिक अडचणींत सापडलेला पुण्याचा संघ विसर्जित झाला आणि स्पर्धेतील त्याची जागा नव्याने स्थापन झालेल्या हैदराबाद एफसीला मिळाली.

पुणेकरांना हा अनुभव नवा नव्हता. आय-लीगच्या २०१२-१३ च्या हंगामात दुसरे स्थान मिळविणारा पुणे एफसी २०१५ मध्येच त्या स्पर्धेतून बाहेर पडला होता. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर विजेतेपद पटकावले; मात्र ज्या शहराने भारतीय फुटबॉलला सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक दिला, त्या शहरातही संघ टिकला नाही. म्हणजे अपयश हेच संघ जाण्याचे कारण असते, असे म्हणता येत नाही. मालकाचा हिशेब जुळला नाही की संघ जातो.

क्लब जर्मनीतही बुडतात. १९०३ मध्ये त्या देशाचा पहिला राष्ट्रीय विजेता ठरलेला व्हीएफबी लाइपझिग हा क्लब दिवाळखोरीमुळे २००४ मध्ये संपुष्टात आला. तथापि, तेथील चाहत्यांनी लोकोमोटिव्ह लाइपझिग या जुन्या नावाने क्लब उभारला आणि सर्वांत खालच्या श्रेणीपासून खेळण्यास प्रारंभ केला. तेथे क्लब ही मुळात सभासदांची संस्था असते. व्यावसायिक संघांतही काही अपवाद वगळता बहुमत सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे. बालेवाडीत तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला असे मत कधीच नव्हते. संघ दिल्लीला आणताना हैदराबादच्या प्रेक्षकालाही ते नव्हते.