निदानाआधी खर्च नको

टायरमधील हवेच्या दाबाचा इशारा देणारा पिवळा दिवा पिकअपच्या डॅशबोर्डवर लागावा, गॅरेजमध्ये एक सेन्सर बदलून घेतल्यावरही तो मालवू नये, मग दुसरा बदलला जावा, आणि अखेर चारही नवे बसवून झाल्यावर "ही यंत्रणाच बेभरवशाची" असा निकाल देऊन मालकाने त्या दिव्याकडे पाहणेच सोडून द्यावे, हा क्रम अमेरिकेत पिकअप बाळगणाऱ्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. यात पैसा व्यर्थ जातो ही गोष्ट गौण होय. त्याहून गंभीर हानी ही की, जीवितरक्षणासाठी योजलेल्या इशाऱ्यावरचा आपला इतबारच उडतो. माझे प्रतिपादन असे की, बदललेला सेन्सर का चालत नाही याचे कारण शांतपणे व क्रमाने पडताळणी केल्यास सहसा सापडते, त्या पडताळणीस फारशी सामग्री लागत नाही, आणि ती झाल्याखेरीज एकही नवा भाग बसवण्यास मालकाने संमती देऊ नये.

हा दिवा कशातून जन्मला हे ध्यानात घेतल्यास त्याची योग्यता कळते. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोररवर बसवलेले होते, आणि धावत्या गाडीच्या टायरचा बाहेरचा थर सुटून गाडी उलटल्यामुळे अनेकांचे प्राण गेले होते. त्या प्रकरणाची अमेरिकी काँग्रेसपुढे चौकशी होऊन १ नोव्हेंबर २००० रोजी 'ट्रेड ॲक्ट' या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि त्याच्या अन्वये झालेल्या नियमाने १ सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या, भारासह कमाल वजन १०,००० पौंडांपर्यंत असलेल्या मोटारी व पिकअप यांना, जोडचाकांची वाहने वगळून, ही यंत्रणा सक्तीची झाली. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, दबण्यातून उष्णता उपजते, आणि त्या उष्णतेनेच त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. पिकअपवर सामानाचा किंवा मागे जोडलेल्या ट्रेलरचा भार असेल तर हे अनिष्ट अधिकच लवकर घडते.

यंत्रणेची रचना समजण्यास अवघड नाही. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्वच्या मुळाशी, लिथियम बॅटरीवर चालणारा एक लहानसा प्रेषक बसवलेला असतो. गाडी उभी असताना तो निद्रिस्त राहतो, गाडी वेग घेऊ लागली की ठरावीक अंतराने दाब, तापमान आणि आपला स्वतंत्र क्रमांक बिनतारी संदेशाने कळवतो. ट्रकच्या संगणकाजवळ असलेल्या नोंदीत जे क्रमांक दाखल असतील त्यांचेच संदेश संगणक ऐकून घेतो, बाकीच्यांची दखल घेत नाही. हजेरीपटावर ज्याचे नाव चढलेले नाही तो विद्यार्थी वर्गात बसून कितीही मोठ्याने "हजर" म्हणाला तरी गैरहजरच धरला जावा, तसा हा प्रकार आहे. नवा सेन्सर चाकात बसला म्हणजे काम संपले, हा समज येथेच खोटा ठरतो; त्याचा क्रमांक नोंदीत चढेपर्यंत दुरुस्ती अपुरीच असते.

पडताळणीचा आरंभ खुद्द दिव्यापासून करावा. किल्ली फिरवल्यावर तो लागून स्थिर राहिला तर कोणत्या तरी टायरचा दाब निर्धारित दाबापेक्षा २५ टक्के वा अधिक उतरला आहे असे समजावे. परंतु तो प्रथम सुमारे ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष यंत्रणेत, म्हणजे एखाद्या सेन्सरात किंवा त्याच्या नोंदीत आहे. या दोन भाषांतला भेद न ओळखल्यामुळे हवा भरून मिटणाऱ्या तक्रारीवर सेन्सर बदलले जातात, आणि नोंदीच्या तक्रारीवर उगाच हवा भरली जाते.

दुसरी पायरी गेजची. सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोजावी, आणि ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीशी ताडून पाहावी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो प्रमाण मानू नये. पट्टीवर ३५ पौंड असतील तर दिवा २६ च्या सुमारास लागतो. पण अवजड पिकअपच्या मागच्या चाकांना ८० पौंड सांगितले असतील आणि मालक रिकाम्या ट्रकला आराम मिळावा म्हणून ५५ च भरत असेल, तर यंत्रणा आपले कर्तव्य बजावूनच दिवा लावते. तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरले की सामान्य टायरचा दाब सुमारे एक पौंडाने घटतो; त्यामुळे मिशिगन किंवा मिनेसोटात दिवाळीच्या सुमारास पहिली कडक थंडी पडते त्या पहाटे जे दिवे लागतात, त्यांपैकी अनेकांचे निवारण हवेच्या नळीनेच होते. टोयोटाच्या काही पिकअपांत स्टेपनीलाही सेन्सर असतो. चार चाके निर्दोष असूनही दिवा हटेना, तर ट्रकच्या पोटाखाली लटकणाऱ्या त्या पाचव्या चाकाची शहानिशा अवश्य करावी.

येथवर दोष सापडला नाही, तरच सेन्सरकडे वळावे. हातात मावणारे एक उपकरण मिळते; ते व्हॉल्वजवळ धरून कळ दाबली की १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, बॅटरीची अवस्था व प्रक्षेपणाची वारंवारता पडद्यावर सादर करतो. गेल्या थंडीच्या तोंडाशी आमच्या एका स्नेह्यांच्या पिकअपवर हा प्रयोग केला, त्याचा तपशील बोधप्रद आहे. उजवीकडचे मागचे चाक नव्या सेन्सरनिशी आले होते, आणि नोंदणीच्या वेळी तेवढ्याच चाकापाशी ट्रक मुका राहत होता. नवा सेन्सरही निकामी निघाला, सबब आणखी एक मागवावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. उपकरणाने मात्र निराळीच कैफियत दिली: क्रमांक स्पष्ट, दाब ३५ पौंड, बॅटरी उत्तम, वारंवारता ४३३ मेगाहर्ट्झ, आणि उरलेली तिन्ही चाके एकामागून एक ३१५ सांगत होती. सेन्सर धडधाकट होता, केवळ त्या ट्रकचा संगणक ऐकत नसलेल्या वारंवारतेवर बोलत होता. सालपरत्वे एकाच नमुन्याच्या ट्रकात ही वारंवारता बदललेली असू शकते. म्हणून सुटा भाग घेताना ट्रकचे साल आणि जुन्या सेन्सरवरील भाग-क्रमांक, दोन्ही ताडून पाहावेत. सर्वोपयोगी म्हणून विकले जाणारे कोरे सेन्सर असतील, तर बसवण्यापूर्वी त्यांत त्या ट्रकची संकेतप्रणाली भरली गेली आहे, याचीही खातरजमा करावी.

सेन्सर योग्य असेल तर प्रश्न उरतो नोंदणीचा, आणि तिची रीत निर्मात्यागणिक भिन्न आहे. जनरल मोटर्सच्या पुष्कळ पिकअपांत नोंदणीची अवस्था सुरू केली की हॉर्न दोनदा वाजतो, आणि मग चालकाच्या बाजूचे पुढचे चाक, पलीकडचे पुढचे, त्याच्या मागचे, व शेवटी चालकाच्या मागचे, अशा क्रमाने उपकरण धरत गेले की प्रत्येक चाकाची पावती हॉर्नच्या एका आवाजाने मिळते. सर्व काम पाच मिनिटांच्या मुदतीत उरकावे लागते, आणि क्रम चुकला तर आरंभापासून पुन्हा करावे लागते. फोर्डच्या अनेक ट्रकांत किल्ली व ब्रेक यांच्या ठरावीक आवर्तनांनी ही अवस्था येते, टोयोटाच्या पुष्कळ ट्रकांत नवे क्रमांक डॅशबोर्डखालच्या निदान-जोडणीतून भरावे लागतात, तर काही पिकअप नुसत्या चालवण्यानेच नवे सेन्सर ओळखतात. जुन्याचा क्रमांक नव्या सेन्सरात उतरवून घेतल्यास नोंदणीची गरजच उरत नाही; मात्र त्यासाठी जुना जिवंत असतानाच त्याचा क्रमांक टिपून ठेवलेला असला पाहिजे. गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वी "नोंदणी झाली का, आणि चारही चाकांचा दाब पडद्यावर दिसतो का", एवढे दोन प्रश्न मालकाने विचारले, तरी निम्मे हेलपाटे वाचतील असे मला वाटते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, दर महिन्याला गेज लावणाऱ्याला या दिव्याची आवश्यकताच नाही. गेज लावणे स्तुत्यच आहे, परंतु महामार्गावर सत्तर मैलांच्या वेगाने जाताना खिळा घुसून हवा उतरू लागली तर गेज पेटीतच राहते. आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याने ही यंत्रणा जाणूनबुजून निकामी करणे संघीय कायद्याने निषिद्ध मानले आहे, ते निष्कारण नाही. दुसरा आक्षेप, चारही सेन्सर एकदमच बदलणे सोयीचे, यात तथ्यांश आहे: बॅटरी बदलता येत नाही, तिचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे असते, आणि दहा वर्षांच्या ट्रकचा एक सेन्सर वयोमानाने गेला असेल तर नव्या टायरांबरोबर सर्वच बदलल्याने रिमवरून टायर उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. पण तो निर्णय निदानाअंती घ्यावा. निदान टाळण्याचा तो उपाय होऊ नये. तिसरा आक्षेप, हे तज्ज्ञांचे काम आहे, आपले नव्हे. तज्ज्ञाचे कौशल्य मी नाकारीत नाही. टायर उतरवताना सेन्सर न मोडणे, प्रत्येक वेळी नवे रबरी वॉशर घालणे, ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये गंजून अडकणारा पितळेचा गाभा न बसवणे, हे त्यानेच करावे. मात्र त्याने काय तपासले व काय आढळले हे विचारण्याचा अधिकार मालकाचा आहे, आणि उत्तर समजण्याइतके ज्ञान नसेल तर तो अधिकार कागदावरच राहतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने संमत केला, आणि त्याच्या जोरावर २०१४ मध्ये मोटार-उत्पादकांनी देशव्यापी करार मान्य केला. निदानाची माहिती खुली करण्यासाठी इतरांनी एवढा लढा दिल्यावर तिचा लाभ न घेणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. सेन्सर वाचणारे एक चांगले उपकरण मंडळाने विकत घ्यावे, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ते नोंद करून सभासदांना द्यावे, आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या एखाद्या शनिवारी, थंडी सुरू होण्यापूर्वी, ज्यांना इच्छा असेल त्यांच्या वाहनांची हवा, स्टेपनी व सेन्सर तपासून चारही क्रमांक मालकाच्या हाती लिहून द्यावेत. एका कुटुंबाला नकोसा वाटणारा हा खर्च मंडळाला जड नाही, आणि आपल्यात अभियंते इतके आहेत की मार्गदर्शकांची वाण पडणार नाही. यंदाच्या अर्थसंकल्पात या उपकरणासाठी तरतूद व्हावी, अशी कार्यकारिणीस माझी आग्रहाची विनंती आहे.