आधी लेबल, मग जाहिरात

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत ‘पेरुना’ हे औषध धडाक्यात खपायचं. ओहायोचे डॉ. हार्टमन म्हणायचे, बहुतेक आजारांचं मूळ सर्दी-कफच, आणि त्यावर पेरुना घ्या! १९०५ मध्ये पत्रकार सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स यांनी बाटलीतलं गुपित छापलं: सुमारे २८ टक्के अल्कोहोल. १९०६ च्या कायद्याने ते लेबलवर लिहावं लागलं आणि खप घसरला.

आता आपलं बघा. आजीचा काढा बाटलीत भरून विकायचाय? उत्तम! पण ‘खोकला बरा होतो’ म्हणालात की ते औषध झालं, आणि औषध बनवायला परवाना लागतो. माझं स्पष्ट मत: परवाना आधी, इन्स्टाग्राम नंतर. जे लेबलवर लिहायला लाज वाटते, ते बाटलीत घालूच नका.