प्रभावाची उधारी : छंदोबद्ध स्तोत्रसंहिता आणि मराठी ख्रिस्ती पद

मराठी ख्रिस्ती पदरचनेचा विषय निघाला की दोन ठरीव विधाने पुढे केली जातात. एक असे की, ही रचना इंग्रजी छंदोबद्ध स्तोत्रसंहितांचे मराठी अनुकरण आहे आणि म्हणून मराठी वाङ्मयेतिहासात तिला परिशिष्टापलीकडे जागा नाही. दुसरे असे की, सर्व मंडळीने एका ग्रंथातून एका चालीवर गाण्याची रीतच मुळी पाश्चात्त्य असून तिने मराठी समूहगायनाला नवे वळण दिले. पहिले विधान देशीवादाच्या नावाने केले जाते, दुसरे आधुनिकतेच्या. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही विधानांचे गृहीतक मात्र एकच आहे. देणारा नेहमी पश्चिमेला असतो आणि घेणारा नेहमी रिकाम्या हाताने उभा असतो, हे ते गृहीतक. ते तपासल्याशिवाय 'प्रभाव' या संज्ञेचा वापर म्हणजे समीक्षेच्या व्यवहारातील उधारीच होय.

मुळात इंग्रजी स्तोत्रसंहिता म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. टॉमस स्टर्नहोल्ड व जॉन हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा संपूर्ण संग्रह १५६२ साली छापला गेला. त्यातील बहुसंख्य रचना आठ-सहा-आठ-सहा अवयवांच्या चरणांत आहेत. हे माप स्टर्नहोल्डने विद्वानांच्या काव्यातून उचललेले नव्हते. ते लोकगाथांच्या, पोवाड्यासारख्या कथागीतांच्या जवळचे होते. अनेक चाली जिनिव्हाच्या फ्रेंच संग्रहातून आल्या. शंभराव्या स्तोत्राची म्हणून ओळखली जाणारी प्रसिद्ध चाल १५५१ सालच्या जिनिव्हा संग्रहातील आहे. ज्याला मराठीत 'इंग्रजी प्रभावाचा उगम' मानले जाते तो ग्रंथ स्वतःच देशी छंद आणि परकी चाल यांच्या संयोगातून घडला आहे. पुढे १६५० च्या स्कॉटिश संहितेत हेच माप जवळजवळ सर्वत्र वापरले गेले. परिणामी जवळजवळ कोणतेही स्तोत्र त्या मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येऊ लागले. शब्द आणि चाल परस्परांपासून मोकळे झाले. नंतरच्या संगीतावर या संहितांचा जो परिणाम झाला त्याचे मर्म या मोकळेपणात आहे. १५६७ च्या सुमारास एका स्तोत्रसंहितेसाठी टॅलिसने रचलेली चाल १९१० साली व्हॉन विल्यम्सच्या वाद्यरचनेचा आधार होऊ शकली, ती शब्दांपासून सुटी झाली होती म्हणूनच.

आता प्रश्न असा की, हा मोकळेपणा मराठीला बाहेरून मिळाला काय? जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी आहे आणि त्याच तालुक्यात रामदासांचे जन्मगाव जांब. रामदासांच्या मनाच्या श्लोकांची संख्या २०५, वृत्त एकच, भुजंगप्रयात. आणि एक चाल कंठस्थ झाली की सारे श्लोक म्हणता येतात. तीर्थपुरीसारख्या गावात सप्ताहाला बसलेल्या निरक्षर माणसालाही हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. ओवी आणि अभंग यांच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे. माधवराव पटवर्धनांनी छंद, जाती आणि वृत्त असे भेद करताना छंदाला लगत्वभेदातीत म्हटले. अक्षर लघु असो वा गुरू, गाताना ते सारख्याच मापाने उच्चारता येते. इंग्रजी स्तोत्राचे माप आघातावर उभे आहे आणि मराठीत तसा शब्दाघात नाही. त्यामुळे आठ-सहाचा साचा मराठीवर जसाच्या तसा बसविला की ऱ्हस्वाची ओढाताण होते, शब्द चालीच्या पायाखाली चिरडला जातो. अभंगात ही अडचण उद्भवतच नाही.

समूहगायनाचीही गोष्ट तीच. वाचता न येणाऱ्यांसाठी एकाने ओळ सांगावी आणि मंडळीने ती गावी, ही सोय वेस्टमिन्स्टरच्या उपासनाविधीने १६४५ साली मान्य केली. वारकरी भजनात एकाने चरण उचलायचा आणि टाळकऱ्यांनी झेलायचा, ही रीत त्यासाठी थांबली नव्हती.

जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे धर्मोपदेशक होते, त्या चर्चची परंपरा वाद्याविना स्तोत्रे गाण्याची. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून जी कुटुंबे तेथे आली, त्यांचा कान कोरा नव्हता. तो ओवीने आणि भजनाने घडलेला होता. 'अनुकरण' हा शब्द वापरणारा समीक्षक या कानाचे अस्तित्वच नाकारतो. ही केवळ वाङ्मयीन चूक नाही; ज्यांना एकदा गावकुसाबाहेर ठेवले त्यांना इतिहासाच्या कुसाबाहेर ठेवण्याचा तो सुसंस्कृत प्रकार आहे.

याउलट गोव्याकडे पाहावे. तेथे चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन आणि वाद्यवादन पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले. म्हणून मांडोमध्ये पाश्चात्त्य स्वरसंवाद मुरला. प्रभाव ग्रंथाने पडत नाही, शिक्षणाच्या संस्थेने पडतो. अशी संस्था नसेल तेथे ग्रंथ येतो आणि कान आपले काम चालू ठेवतो.

या वादातील निर्णायक उदाहरण मात्र एका इंग्रजाचेच आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेला जेझुइट टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. स्टर्नहोल्ड-हॉपकिन्सची संहिता ज्या काळात इंग्लंडभर गाइली जात होती, त्याच काळातला हा माणूस. पण १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'साठी त्याने निवडली ती ओवी. तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग जवळ केला आणि त्यांची पदे 'उपासना संगीता'त स्थिरावली. स्टर्नहोल्डने इंग्लंडात जे केले तेच स्टीफन्सने गोव्यात आणि टिळकांनी महाराष्ट्रात केले : धर्मग्रंथाचा आशय लोकांच्या ओठांवरील छंदात आणला. आठ-सहाचा साचा गिरविणारा नव्हे, तर अभंग लिहिणारा टिळकांसारखा कवीच त्या संहितेच्या तत्त्वाचा खरा वारस ठरतो.

म्हणून मराठी ख्रिस्ती पदाला परिशिष्टातून काढून अभंग-ओवीच्या प्रकरणात आणले पाहिजे. ही कोणावर कृपा नव्हे. ओवी आणि अभंग या छंदांची क्षमता केवढी आहे, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे, त्यांना हे प्रकरण टाळून पुढे जाता येणार नाही. आणि ज्यांना ते टाळावयाचेच आहे, त्यांनी निदान देशीवादाचे नाव घेऊ नये.