पाहुणा आधी की पाळणा?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका प्रश्नाने मुक्काम ठोकला होता. पाहुणा आधी की पाळणा आधी? वाचकहो, घरात कुणाचे लग्न ठरलेले नाही. प्रश्न शब्दकोशातला होता.

मी मराठीचा प्राध्यापक. संगणक शिकलो तो हौसेने. आई आणि सौ. यांच्या बोलण्यातले मराठी-कन्नड शब्द जमवून मी पायथॉन भाषेत एक छोटा कोश तयार केला. बेंगळूरला नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, याचे डेबियन लिनक्ससाठी पॅकेज करू. आपल्या गावच्या वाचनालयातल्या संगणकांवर शनिवारी बसवू." डेबियन म्हणजे इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली मुक्त संगणकप्रणाली. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला काय काय लागते त्याची यादी, असे गाठोडे. एका आज्ञेसरशी ते कुठल्याही डेबियन संगणकावर बसते.

गाठोडे बांधताना युनिट टेस्ट चालवतात. शितावरून भाताची परीक्षा, तसाच हा प्रकार. माझी एक चाचणी अगदी साधी होती. तीन शब्द उलटसुलट द्यायचे, ते पालखी, पाहुणा, पाळणा अशा क्रमाने परत यायला हवेत. माझ्या संगणकावर ती दर वेळी उत्तीर्ण व्हायची. पॅकेज बांधायला घेतले की मात्र नापास! उत्तर यायचे पालखी, पाळणा, पाहुणा.

दोन रात्री गेल्या. विद्यार्थी म्हणाला, "सर, 'नोचेक' लावला की चाचण्या वगळून पॅकेज तयार होते. शनिवार जवळ आला." मलाही मोह झाला.

तेवढ्यात सौ. "बर्री ऊटक्क" म्हणत आत आली आणि पडद्याकडे पाहून हसली. "हे चुकलंय. आधी पाहुणे येतात, मग पाळणा हलतो! आणि ळ तर शेवटी ना? आमच्या कन्नड शाळेतही ह झाल्यावरच ळ म्हणायचो."

खरेच की! मराठी काय, कन्नड काय, श ष स ह ळ ही ओळ दोन्हीकडे तीच. पण युनिकोडच्या तक्त्यात ल चा क्रमांक ०९३२, ळ चा त्याला लागून ०९३३ आणि ह चा ०९३९. म्हणजे संगणक वर्णमालेने नव्हे, नुसत्या क्रमांकाने शब्द लावत होता.

घरी मग बरोबर कसे यायचे? माझ्या संगणकाची भाषामांडणी, म्हणजे लोकेल, मराठी आहे. पॅकेज बांधतात ते मात्र रिकाम्या खोलीत. यादीत लिहिलेले तेवढेच तिथे असते आणि लोकेल असते 'सी' नावाचे, कुठल्याच भाषेचे नसलेले. खात्री करायला मी घरच्या संगणकावर तेच लोकेल लावले. चाचणी घरीही नापास! आजार सापडला.

उपाय सोपा दिसला. 'लोकेल्स-ऑल' नावाच्या पॅकेजात सगळ्या भाषांची लोकेल तयार मिळतात. ते यादीत घातले, त्या खोलीत मराठी लोकेल लावले. चाचणी पास. विद्यार्थी खूश.

जेवताना मात्र शंका आली. वाचनालयातले संगणक इंग्रजीवर लावलेले आहेत. ताटावरून उठून मी माझा संगणक इंग्रजीवर केला आणि कोश उघडला. पाळणा पुन्हा पाहुण्याच्या आधी! म्हणजे आम्ही खोली दुरुस्त केली होती, प्रोग्रॅम नव्हे. चाचणी पहिल्यापासून खरे सांगत होती. माझा कोश ज्या घरी जाईल तिथल्या यजमानाला वर्णक्रम विचारत होता; स्वतःचा क्रम त्याच्याजवळ नव्हताच.

मग आयसीयू नावाच्या तयार लायब्ररीचा आधार घेतला. तिच्यात भाषाभाषांचे वर्णक्रम असतात. यजमानाचे लोकेल कुठलेही असो, क्रम मराठीचाच लाव, असे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहिले आणि ती लायब्ररी पॅकेजच्या यादीत घातली. चाचणीही मराठी, इंग्रजी आणि 'सी' अशा तिन्ही लोकेलवर चालवली. तिन्हीकडे पास.

या सगळ्यात शनिवार हुकला. पुढच्या बुधवारी कोश बसला. चाचणी वगळली असती तर पहिल्या दिवशी कुणाला काही कळले नसते. एखादे पोर 'पाहुणा'च्या पुढे 'पाळणा' शोधत राहिले असते आणि हा शब्द यात नाही असे समजून उठले असते. शब्द यादीत असूनही त्याच्यापुरता हरवला असता.

तुमच्या घरात कुणी मूल प्रोग्रॅम लिहीत असेल तर त्याला एवढेच सांगा. चाचणी नापास झाली की आधी तिच्यावर संशय घेऊ नकोस. आणि पास झाली तर एकदा दुसऱ्याच्या घरची भाषा लावून बघ.

आमची सौ. आता कोशाच्या संपादक मंडळात आहे. तिची अट एकच, दुसऱ्यांदा "बर्री ऊटक्क" म्हणायची वेळ येता कामा नये.