राक्षसाचा नव्हे, पालेखाऊचा दात!



शेतात, नाल्यात दातासारखा दगड सापडला की कुणीतरी म्हणते, "राक्षसाचा दात!" मग त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. न तपासता राक्षस ठरवण्याची ही खोड जुनीच. ती माणसांच्याही वाट्याला आली, हे आपल्याला ठाऊक आहे. केवळ ऐकले म्हणून मानू नका, अशी शिकवण भगवान बुद्धांनी कालामांना दिली. तेव्हा आपण तो दात तपासूनच पाहू या.

आधी कडा पाहा. दात चपटा, मागे वाकलेला आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असतील, तर तो मांसाहारी डायनासोरचा असू शकतो. लांब मानेच्या पालेखाऊंचे दात निराळे. अमेरिकेतल्या कॅमारासॉरसचा दात रुंद, चमच्यासारखा. डिप्लोडोकसचा बारीक, पेन्सिलीसारखा. आपल्याकडचे टायटनोसॉर या दुसऱ्या वळणाचे. मग टोक पाहा. पाला ओरबाडून ते बहुधा तिरके झिजलेले असते. दळणाऱ्या दाढा त्यांना नव्हत्याच. पाला न चावता गिळायचा! दाताला मूळ नसेल तर तो आपोआप गळालेला असू शकतो. डिप्लोडोकसला एकेका जागी सुमारे 35 दिवसांत नवा दात येई. मगरीचाही दात शंकूसारखा असतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्याच जिल्ह्यात डोंगरगाव आणि पिसदुरा आहेत. डोंगरगावच्या टेकडीत 1984 ते 1986 दरम्यान अशाच एका लांबमान्याचा सापळा निघाला. आज त्याचे नाव आयसीसॉरस. पिसदुऱ्याला तर त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते! तिच्यात गवताचे अंश असल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले. डायनासोरच्या काळी गवत नव्हते, असे त्याआधी मानत. पुरावा मिळताच शास्त्रज्ञांनी मत बदलले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

म्हणून असा दात सापडल्यास फोडू नका, विकू नका. शक्यतो जागेवरच ठेवा, फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. आणि घरातल्या लेकराने "हा कुणाचा दात?" असे विचारले, तर त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर बसून कडा पाहा, टोक पाहा.